जमीन साफ कशी करायची ते मालकाने ठरवावे, तपासायची की नाही ते नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले, तेव्हापासून बेळगावातील उद्योजकांच्या बोलण्यात एक सूर वारंवार ऐकू येतो. सरकारने सक्ती करू नये, नोटिसांचा धाक दाखवू नये, ज्याच्या त्याच्या आवारातील घाण ज्याने त्याने स्वखुशीने आणि ऐपतीप्रमाणे काढावी, असे हे म्हणणे आहे. माझी नोकरी उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्रींच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांच्या, वाळूच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे हे म्हणणे कोठून येते ते मला समजते आणि ते सगळेच खोटे आहे असेही मी मानत नाही. सक्ती म्हणजे तपासणीस येणारा साहेब, त्याच्यासाठी तयार ठेवलेले रजिस्टर आणि तो गेल्यावर पुन्हा पहिल्यासारखे चाललेले काम, हा अनुभव कारखानदारांना आहे तसाच कामगारांनाही आहे. तरीही या प्रश्नाची जी मांडणी केली जात आहे तीत एक मोठी गफलत आहे, आणि ती गफलत आपल्या शिवारांना महागात पडेल असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

नव्या नियमांचा गाभा थोडक्यात असा. जिल्हा प्रशासनाने आपल्या हद्दीतील संशयित दूषित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करून ती जागा खरोखर दूषित आहे की नाही हे ठरवायचे, आणि दूषित ठरल्यास जबाबदार कोण हे आणखी ९० दिवसांत निश्चित करायचे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतील १८९ रसायनांच्या पातळ्या त्यासाठी पाहिल्या जातात. खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्य यांनी मिळून सोय करायची. कागदावर ही रचना बरी आहे. मात्र तपासणीच्या प्रत्येक पायरीला मुदत असताना प्रत्यक्ष साफसफाई किती काळात पुरी व्हावी याची मुदत नियमांत नाही, आणि स्वेच्छेचा आग्रह धरणाऱ्यांना हीच मोकळीक सोयीची वाटते.

स्वेच्छा कोठे फळते हे आपल्याच भागात पाहायला मिळते. यमनापूरच्या ॲल्युमिना कारखान्यात बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढल्यावर उरणारी लाल माती, म्हणजे कॉस्टिकचा अंश असलेला अल्कलीयुक्त गाळ, साठवायची कोठे हा जगभरातील अशा कारखान्यांपुढचा जुना पेच आहे. त्या मातीतील लोह आणि ॲल्युमिना सिमेंटच्या भट्टीला उपयोगी पडतात असे दिसल्यावर ती सिमेंट कारखान्यांना जाऊ लागली. ही गोष्ट चांगली आहे आणि तिचे श्रेय ज्याचे त्याला द्यावे. पण ती घडली कारण त्या मातीला गिऱ्हाईक मिळाले. हाच हिशेब जागेच्या बाबतीत असतो. तिसऱ्या रेल्वे गेटच्या आसपास किंवा उद्यमबागेत जुना कारखाना बंद पडून त्या जागी गाळे आणि फ्लॅट उभारायचे असतील, तर गुंठ्याचा भाव इतका आहे की खालची काळी माती दहा फूट खणून काढली तरी मालकाला परवडते. तेथे सरकारने डोळे वटारण्याची गरज नाही, बाजारच ते काम करून घेतो. जेथे जमिनीचा भाव साफसफाईच्या खर्चापेक्षा कमी आहे तेथे मात्र स्वेच्छेने पुढे येणारा अजून जन्माला यायचा आहे, आणि शेतजमीन नेमकी याच वर्गात मोडते.

आता फाउंड्रीच्या वाळूकडे वळतो, कारण येथे मला थोडे अधिकाराने बोलता येईल. साच्यात एकदा वापरलेली सगळी वाळू विषारी असते असा समज पसरला आहे, तो बरोबर नाही. बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी मिसळलेली साधी ग्रीन सँड बरीचशी निरुपद्रवी असते. ती विटांत आणि रस्त्याच्या भरावात वापरता येते आणि तशी वापरलीही जाते. ओतीव वस्तूत पोकळी ठेवणाऱ्या कोअरसाठी फिनॉलिक रेझिनने बांधलेल्या वाळूची गोष्ट निराळी आहे, कारण तिच्यातून फिनॉलसारखी द्रव्ये पाण्याबरोबर झिरपू शकतात. भट्टीच्या धूळ-पिशव्यांत जमणारी भुकटी आणखी निराळी. भंगारात जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे असतील तर त्या भुकटीत जस्त आणि शिसे उतरते. मुलामा देण्याच्या छोट्या कारखान्यांच्या पिवळसर पाण्यात सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचा विषारी प्रकार, असू शकते, आणि पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मर्यादा लिटरला फक्त ०.०५ मिलिग्रॅम आहे. दोन्ही प्रकारची वाळू आणि ती भुकटी हे तिन्ही पदार्थ डोळ्यांना सारखेच टाकाऊ दिसतात आणि वर्षानुवर्षे एकाच ट्रॉलीत भरून एकाच खड्ड्यात गेले आहेत. कोणत्या खड्ड्यात काय गेले हे ट्रॉलीवाल्याच्या आठवणीखेरीज कोठेही नोंदलेले नाही. शहराच्या दक्षिणेला किती प्लॉट अशा भरावावर उभे आहेत, हे तेथे घर बांधणाऱ्याला विचारून कळणार नाही आणि विकणारा सांगणार नाही.

स्वेच्छेच्या युक्तिवादातील खरी अडचण येथे सुरू होते. जो उद्योजक मनापासून पुढे येईल तो आपल्या कंपाउंडच्या आतील जागा साफ करील. कंपाउंडच्या बाहेर गेलेले त्याच्या मालकीचे नाही, म्हणून त्याच्या स्वेच्छेच्या कक्षेतही नाही. बेळगावची जमीन जांभ्याची आहे, खाली काळा पाषाण आहे. जांभ्यातून पाणी सहज झिरपते, मग पाषाणाच्या भेगा धरून चालते आणि उताराच्या दिशेने विहिरीत किंवा नाल्यात निघते. बळ्ळारी नाल्याला दर पावसाळ्यात पूर येतो आणि शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारांत ते पाणी दिवसेंदिवस तुंबून राहते. या शिवारांतील बासमतीचा वास एके काळी स्वयंपाकघराबाहेरच्या रस्त्यापर्यंत येत असे. आज तेथील शेतकरी जलपर्णी, सांडपाणी आणि कुजलेले पीक यांच्याशी झगडत आहे. यातील सांडपाण्याचा वाटा किती, कारखान्यांचा किती आणि शेतातल्याच खते-औषधांचा किती, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण त्या मातीची धातूंसाठी पद्धतशीर तपासणी करून निष्कर्ष गावच्या पाटीवर लावल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. जेथे दोष कोणाचा हेच माहीत नाही तेथे स्वखुशीने पुढे कोणी यायचे?

अमेरिकेचे उदाहरण या चर्चेत नेहमी दिले जाते, पण अर्धेच दिले जाते. तेथील अनेक राज्यांत ऐच्छिक साफसफाईचे कार्यक्रम आहेत, मालक स्वतः अर्ज करतो, काम पुरे झाल्यावर सरकार पुढील कारवाईची गरज नसल्याचे पत्र देते, हे सगळे खरे आहे. मात्र हे कार्यक्रम आले ते सक्तीच्या पाठोपाठ. नायगारा फॉल्स शहरातील लव्ह कॅनाल येथे एका रासायनिक कंपनीने पुरलेल्या सुमारे २१,००० टन कचऱ्यावर पुढे शाळा आणि वस्ती उभी राहिली. १९५३ मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली गेली होती. १९७८ मध्ये तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली आणि त्यातून साफसफाईचा निधी उभारणारा १९८० चा सुपरफंड कायदा जन्मला. त्या कायद्याने जबाबदारी पूर्वलक्षी केली, आणि अनेकांनी मिळून घाण केली असेल तर कोणाही एकाकडून पूर्ण खर्च वसूल करण्याची मुभा सरकारला दिली. हा कायदा कठोर होता, कदाचित अन्यायकारकही. खटल्यांत वकिलांचे उखळ पांढरे झाले. पण त्याची जरब बसल्यामुळेच मालक म्हणू लागले की आमच्यावर कारवाई होण्याआधी आम्हीच साफ करतो, आणि पहिले ऐच्छिक कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. पुढे रसायन व तेल कंपन्यांवरील कर १९९५ मध्ये संपला तेव्हा त्या निधीला ओहोटी लागली, आणि २०२१ च्या कायद्याने रासायनिक कंपन्यांवरील कर पुन्हा लावावा लागला. आपल्याकडील मंडळींना ते ऐच्छिक कार्यक्रम हवे आहेत, ती जरब नको आहे.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण नुसत्या सक्तीने जमीन साफ होते असा दाखला आपल्या देशात शोधून काढावा लागतो. उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीस एच-ॲसिड हे रंगनिर्मितीत लागणारे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांनी सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ उघड्यावर टाकला, विहिरींचे पाणी तपकिरी झाले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई आणि साफसफाईचा खर्च द्यावा असा निकाल दिला, जो आजही पाठ्यपुस्तकांत शिकवला जातो. आणि २०११ मध्ये तेच न्यायालय त्याच कंपन्यांना ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये चक्रवाढ व्याजासह भरा म्हणून पुन्हा बजावत होते, कारण पंधरा वर्षांत पैसे आले नव्हते. भोपाळच्या बंद कारखान्यातील ३३७ टन कचरा १९८४ च्या दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, तेथून हलला, तोही उच्च न्यायालयाने खडसावल्यावर. जमिनीतील आणि भूजलातील विष त्यात मोजलेले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरात १०३ जागा दूषित म्हणून निश्चित केल्या होत्या, त्यांपैकी नवे नियम येईपर्यंत फक्त सात ठिकाणी काम सुरू झाले होते.

आपल्या तुरमुरीचा कचरा डेपो तर सक्ती स्वतः सरकारी संस्थेवर असली तर काय होते याचे जितेजागते उदाहरण आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी देशातील जुने डेपो पाच वर्षांत उपसून किंवा झाकून बंद करायला सांगितले होते. तुरमुरी आणि आसपासच्या गावांतील लोक दुर्गंधी आणि झिरपणाऱ्या काळ्या पाण्याबद्दल किती काळ ओरडत आहेत हे आपल्या वाचकांना सांगायला नको. शिवाय घनकचऱ्याच्या जागा, खाणकाम, किरणोत्सर्गी कचरा आणि समुद्रातील तेलगळती यांसाठी वेगळे कायदे आहेत म्हणून नव्या नियमांतून त्या सर्वसाधारणपणे वगळल्या आहेत. म्हणजे आमच्या जिल्ह्यात ज्या जागेबद्दल लोक सर्वाधिक त्रस्त आहेत, तीच या यादीत येण्याची शक्यता कमी. या विरोधाभासावर एकाही लोकप्रतिनिधीने सभागृहात तोंड उघडल्याचे वाचनात आले नाही. सीमाप्रश्नावर बोलणारे आणि त्याला विरोध करणारे, दोघेही नाहीत.

मग करायचे काय? माझे म्हणणे असे की स्वेच्छा आणि सक्ती यांतून एकाची निवड करण्याचा प्रश्नच चुकीच्या जागी उभा केला गेला आहे. माती आणि विहीर तपासणे, तपासणीचा निष्कर्ष जाहीर करणे आणि किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ हे ठरवणे, या तीन गोष्टी कोणाच्याही मर्जीवर सोडता कामा नयेत. त्यांपुढे माती खणून न्यायची, जागेवरच चुना किंवा सिमेंट घालून बांधून टाकायची, की पाणी उपसून शुद्ध करायचे, कोणत्या कंत्राटदाराकडून करायचे, टप्पे कसे पाडायचे, हे सगळे मालकाच्या इच्छेवर सोडायला माझी हरकत नाही. तेथे तो सरकारी अभियंत्यापेक्षा स्वस्तात आणि लवकर काम करील असे मला अनुभवाने वाटते. काम पुरे करण्याची एक मुदत तेवढी हवी.

मानक ठरवण्याचे काम मालकाकडे का नको, हे कोडाईकनालने दाखवले आहे. तेथील थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला, पाऱ्याने माखलेली माती आवारात आणि खालच्या जंगलाच्या उतारावर राहिली. कंपनी साफसफाईला तयार होती, नाही असे नाही. वाद पेटला तो पातळीवर. किलोमागे २० मिलिग्रॅम पारा उरला तरी चालेल असे मानक तमिळनाडूत मंजूर झाले, आणि खोऱ्याच्या माथ्यावरील जंगलासाठी ते फार ढिले आहे असे तेथील कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. पातळी जितकी सैल तितकी कमी माती उचलावी लागते, हा साधा हिशेब आहे. हा आकडा ठरवताना मालक खोलीत असावा, त्याचे म्हणणे ऐकावे, पण लेखणी त्याच्या हातात नसावी.

लहान फाउंड्रीवाल्यांची एक तक्रार मात्र मला पूर्ण पटते. दहा-बारा माणसांच्या कारखान्याला माती तपासण्याचे बिल परवडत नाही, आणि भाड्याच्या शेडमध्ये आज जो बसला आहे त्याने मागच्या तीन भाडेकरूंनी टाकलेल्या गाळाचे पैसे का भरावेत, याचे समाधानकारक उत्तर नियमांत सापडत नाही. येथे औद्योगिक वसाहतीने सामाईक निधी उभारून संपूर्ण वसाहतीची एकत्र तपासणी करून घेणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. त्यात राज्य सरकारने पदरचे पैसे घालावेत, कारण या वसाहती वसवताना आणि त्यांना परवाने देताना तेच पुढे होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९३ पासून अशी पद्धत ठेवली आहे की साफसफाई कायद्याने बंधनकारक, पण देखरेख सरकारी परवाना असलेल्या खासगी तज्ज्ञाची, आणि त्या तज्ज्ञाच्या कामाची सरकार मधूनमधून फेरतपासणी करते. खोटा दाखला दिला तर परवाना जातो. बेळगावात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. असे तज्ज्ञ तयार करणे येथे अशक्य नाही.

शेतकऱ्याचे काय, याचा उल्लेख उद्योजकांच्या निवेदनांत नसतो आणि सरकारी परिपत्रकांतही नसतो. आपली जमीन दूषित म्हणून यादीत आली तर बँक पीककर्ज देणार नाही, भाव पडेल, उद्या बायपाससाठी संपादन झाले तर मोबदला कमी करायला अधिकाऱ्यांना निमित्त मिळेल, अशी भीती शेतकऱ्याला वाटते. त्यामुळे त्याच्या विहिरीच्या पाण्याला रंग आला तरी तो बाहेर बोलत नाही. ज्याने घाण केली तो गप्प आणि ज्याने ती सोसली तोही गप्प, अशा गावात स्वेच्छेचा कार्यक्रम म्हणजे शांततेचा करार ठरतो. म्हणून आरटीसी उताऱ्याच्या (कर्नाटकातील सातबाऱ्याच्या) अकराव्या रकान्यात, जेथे बोजे नोंदवले जातात, तेथे दूषित जागेची नोंद व्हावी. परंतु ती नोंद शेतकऱ्याच्या नावावरचा डाग म्हणून होऊ नये. जबाबदार कारखान्याकडून किंवा शासनाकडून साफसफाई येणे आहे, अशा हक्काच्या स्वरूपात ती असावी, आणि ती असेपर्यंत संपादनाचा मोबदला दूषित होण्याआधीच्या दराने मिळावा. प्लॉट पाडताना बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) आणि बिनशेती परवानगी देताना महसूल खात्याने भरावाच्या मातीचा अहवाल मागितला, तर विकणाऱ्याचे गप्प बसणेही आपोआप संपेल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी या जिल्ह्यात क्षुल्लक नाही. संशयित जागांची यादी जाहीर झाल्यावर लोकांनी हरकती आणि सूचना देणे अपेक्षित आहे. ती यादी फक्त पोर्टलवर इंग्रजीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर कन्नडमध्ये लागली, तर येळ्ळूर, तुरमुरी किंवा उचगावच्या शेतकऱ्याला आपला सर्व्हे नंबर तिच्यात आहे की नाही हे कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागेल. भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या १५ टक्क्यांहून अधिक असलेल्या भागांत महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने मान्य केलेले धोरण जुने आहे. या बाबतीत तरी त्यावर राजकारण न करता कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत यादी ग्रामपंचायतीत लावावी. बेळगाव, खानापूर आणि निपाणी या तीन तालुक्यांसाठी जिल्हा प्रशासनाने पहिली सहामाही माहिती पाठवली आहे का, पाठवली असल्यास तीत कोणते सर्व्हे नंबर आहेत, आणि बळ्ळारी नाल्याकाठच्या मातीचे नमुने भातकापणीनंतर नाला उतरलेला असताना घेतले जाणार आहेत की नाही, एवढे तीन प्रश्न आपल्या वार्ताहराने जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय यांना विचारून उत्तरे छापावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री कर्मचारी,
वडगाव, बेळगाव